सोफीबाईंचं माप

आमच्या घरी माणसं दोन कामांसाठी येत. एक, मागावरचा धोटा दुरुस्त करून घ्यायला, आणि दुसरं, पेटी सांगायला. धोटा म्हणजे कापड विणताना आडवा धागा इकडून तिकडं नेणारं होडीच्या आकाराचं लाकूड. त्यासाठी येणारे सोलापूरच्या पूर्व भागातले विणकर सायकल दारात टेकवायच्या आधीच अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत बोलायला लागलेले असत. पेटीसाठी आलेला माणूस मात्र उंबऱ्याबाहेर चपला काढून नुसता उभा राही. आई त्याला बघूनच ओळखे आणि चहाचं भांडं चुलीवर चढवी. बाबा हातातलं काम बाजूला ठेवून विचारत, "उंची किती व्हती?" कोण गेलं, कशानं गेलं, हे ते आधी कधीच विचारत नसत. उंची सांगता सांगता तो माणूस आपणच सगळं सांगून टाकी आणि मग त्याला रडू फुटे. बाबांचं म्हणणं असं, की दुःखात माणसाला आधी काहीतरी साधं विचारावं, त्यानं घसा मोकळा होतो. पुढं मी आयुष्यभर दवाखान्यात काम केलं, पण यापेक्षा शहाणा सल्ला मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

सोलापुरात आम्ही कॅथलिक मूठभर. रेल्वेतले गोवेकर, थोडे तमिळ, आणि नगरकडून पोटासाठी आलेली आमच्यासारखी मराठी घरं. या सगळ्यांच्या शवपेट्या माझे बाबा, पास्कलमिस्त्री, करायचे. घर म्हणजे तीन खोल्या आणि बाजूला पत्र्याची शेड. सकाळी जाग यायची ती रंध्याच्या सरसरीनं आणि आईच्या भाकऱ्या थापण्याच्या आवाजानं. अर्धवट झोपेत ते दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जायचे. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे माग दिवसभर खटखटत. संध्याकाळी आम्ही जपमाळ म्हणायला बसलो तरी ते थांबत नसत, त्यामुळे आमचं 'नमो मारिया' त्यांच्याच तालावर चाले. आजही एखाद्या अगदी शांत चॅपेलमध्ये जपमाळ धरली की मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. शेडमध्ये लाकूड चिकटवायचा सरस उकळायला लागला की त्याचा उग्र वास ज्वारीच्या भाकरीच्या, उखळात कुटल्या जाणाऱ्या शेंगाच्या चटणीच्या वासात शिरायचा. पाहुण्यांना तो सोसत नसे. मला मात्र या वयातही सुताराच्या दुकानावरून जाताना भूक लागते.

पेटीची आम्हाला भीती नव्हती. माझी धाकटी बहीण लुसी तर तयार पेटीत बसून लाकडाच्या पट्टीनं वल्हवायची आणि मला म्हणायची, "ये ताई, पलीकडं सोडते." आई चिडायची. बाबा म्हणायचे, "खेळू दे. लाकूड हाय ते." सहा वर्षांची होती लुसी. त्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा घसा सुजला. घटसर्प आहे हे कळेपर्यंत दोन दिवस गेले होते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. मी सोळा वर्षांची होते. सकाळी बाबांनी आईच्या कपाटासाठी राखून ठेवलेल्या सागवानी फळ्या माळ्यावरून काढल्या. मागच्या खोलीत बायका होत्या, आईला कुणीतरी धरून बसलं होतं, आणि मी स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून होते. चूल पेटवलेली नव्हती. तेवढ्यात शेडमधून रंध्याचा आवाज यायला लागला आणि त्याच्याबरोबर बाबांचं गाणं. देवळात मारियेच्या सणाला म्हणतात ते गाणं. मोठ्यानं, नीट सुरात, कडव्यामागून कडवं. मी कानांत बोटं घातली तरी ते ऐकू येत होतं.

त्या गाण्याबद्दल मी बाबांना तीन वर्षं माफ केलं नाही. भांडलेही नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. दर रविवारी मी देवळात मिस्साला जायची, कारण आमच्या घरात न जाणं ही गोष्टच नव्हती, पण मागच्या बाकावर बसायची आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठायची नाही. विश्वासाची प्रार्थना म्हणताना सगळे 'सार्वकालिक जीवना'पाशी आले की मी ओठ मिटून घ्यायची. मला वाटायचं, हे शब्द मोठ्या माणसांनी स्वतःची समजूत काढायला केलेत. माझी बहीण मातीखाली आहे आणि हे गातात. आईनं हे पहिल्याच रविवारी पाहिलं होतं. बाबांनीही पाहिलं असणार. दोघं काही बोलले नाहीत. देवळातून आल्यावर मटणाचा रस्सा, कडक भाकरी, तेच जेवण, तीच पितळी ताटं. फक्त एक ताट कमी. मॅट्रिक झाले, टायपिंगच्या क्लासला जाऊन आले, एक-दोन स्थळं आली आणि मी नाही म्हटलं. पुढं काय करायचं असं कुणी विचारलं तर मला खरंच उत्तर देता येत नसे. जे संपणारच आहे ते कशासाठी करायचं, एवढाच प्रश्न मनात असायचा, आणि तो कुणाला विचारायची सोय नव्हती.

अशा दिवसांत, ऊन नुकतं तापायला लागलं होतं तेव्हा, एका सकाळी सोफीबाई छत्री टेकत आमच्या शेडमध्ये आल्या. सोफीबाई म्हणजे निवृत्त सुईण-नर्स. नातेपुत्याकडच्या, वडील तिकडं धर्मशिक्षक होते. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या आणि शेजारच्या गल्ल्यांमधली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यांत मी होते आणि लुसीही. त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि बाबांना म्हणाल्या, "पास्कल, माप घे."

"कुणाचं, बाई?"

"माजं."

बाबांच्या हातात पटाशी होती ती तशीच राहिली. सोफीबाईंनी बाजारहाट सांगावा तसं सांगितलं, की पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी कापायचं नाही म्हणून सांगितलंय, दिवाळी काही दिसत नाही. मागं कुणी माणूस नाही, तेव्हा ऐनवेळी इतरांची धावपळ नको. बाबांनी पटाशी खाली ठेवली. हयात माणसाचं माप त्यांनी कधी घेतलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, बाईमाणसाचं माप मी कसं घेऊ, ही मार्था घेईल. आणि टेप माझ्या हातात देऊन मागं आईपाशी जाऊन उभे राहिले. ते निमित्त होतं हे मला तेव्हाही कळलं.

सोफीबाई बाकावर आडव्या झाल्या, पदर नीट केला, हात छातीवर जोडले. मी टेप डोक्यापासून टाचेपर्यंत धरला. खांद्यांची रुंदी घ्यायला वाकले तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, "खांद्यापाशी जरा सैल ठेवायला सांग गं बापाला. उठताना अडचण नको."

मला हसू आलं. तीन वर्षांत असं आतून हसू आलं नव्हतं, आणि आलं ते या गोष्टीवर. हसताना डोळ्यांत पाणी कसं आलं ते कळलं नाही. सोफीबाई उठून बसल्या, माझ्याकडं नीट बघितलं आणि निघताना आईला सांगून गेल्या, की हिला दुपारची माझ्याकडं पाठवत जा, वाचून दाखवायला कुणीतरी पाहिजे.

मी नाखुशीनंच गेले. आई ताकातली कण्यांची पेज डब्यात घालून द्यायची, ती पोचवायची आणि तासाभरात परत यायचं असं ठरवलेलं. सोफीबाईंची एकच खोली होती. खिडकीत तुळस, भिंतीवर क्रूस, आणि आठवडाभरानं आलेली ती पेटी कोपऱ्यात. बाबांनी ती फार मन लावून केली होती. रिकामी जागा वाया कशाला घालवायची म्हणून सोफीबाईंनी तिच्यात गोधड्या आणि ज्वारीचे पापड ठेवले. शेजारची बाई मीठ मागायला आली, तिनं झाकण उघडं पाहिलं आणि पुन्हा महिनाभर उंबरा ओलांडला नाही. सोफीबाईंना याची मोठी गंमत वाटायची. मी त्यांना शुभवर्तमान वाचून दाखवायची, ते झालं की वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रातल्या चोऱ्यामाऱ्या त्या जास्त लक्ष देऊन ऐकायच्या. तासाचे दोन तास झाले, मग अख्खी दुपार. अंग पुसणं, कूस बदलणं, तोंडात पाण्याचे थेंब सोडणं हे त्यांनीच मला शिकवलं. स्वतःच्या अंगावर शिकवलं. "दुखणाऱ्या माणसाला धरताना बोटांनी धरू न्हाय, तळव्यानं धर," म्हणायच्या.

एका दुपारी मी विचारलं, की तुम्हाला भीती वाटत नाही का.

"वाटती की," त्या म्हणाल्या. "दुखण्याची लई वाटती. काल तर रडले मी."

"आणि नंतरची?"

त्यांनी उशीला टेकून घेतलं. मग सांगायला लागल्या. तरुणपणी त्यांना रात्री-अपरात्री बोलावणी यायची. कुठली कुठली अनोळखी गल्ली, पाऊस, चिखल, घर सापडेल की नाही याची धास्ती. "पर एकदा बी असं झालं न्हाय बघ, की बोलावणं आलंय आन दारात कुणी न्हाय. कंदील घेऊन कोण ना कोण उभं असायचंच. ज्यानं बोलावलंय त्यो दार लावून बसंल व्हय?"

एवढंच. त्यांनी मला उपदेश केला नाही, पुरावा दिला नाही. माझ्या तोंडून मात्र त्या दिवशी सगळं बाहेर पडलं. लुसी, सागवानी फळ्या, बाबांचं गाणं, मागचा बाक. सोफीबाईंनी ऐकून घेतलं. त्या सकाळी लुसीला मागच्या खोलीत शेवटची आंघोळ त्यांनीच घातली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिथल्या खिडकीतून शेड दिसते. त्या म्हणाल्या, "तू आवाज ऐकलास. तोंड बघितलं न्हाईस त्याचं. मी बघितलं. जा, विचार त्याला. माज्या सांगण्यानं हुणार न्हाय ते."

घरी येईपर्यंत ऊन कललं होतं. बाबा शेडमध्ये पटाशीला धार लावत होते. मी समोरच्या ओंडक्यावर बसले आणि विचारलं, की त्या दिवशी तुम्ही का गात होता. कुठल्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. दगडावर पाणी शिंपडलं, दोन-चार हात मारले आणि थांबले.

"हात ऱ्हात नव्हता," ते म्हणाले. "रंधा उडाया लागला. सागवान चांगलं, पर रंधा उडला की कुसळं ऱ्हात्यात. गाणं म्हटलं की हात तालात चालतो, म्हणून म्हटलं. पोरीच्या अंगाला कुसळ लागू ने, एवढंच डोक्यात व्हतं."

पटाशीची धार त्यांनी अंगठ्यावर पाहिली. मग खाली बघत पुढं सांगितलं, "आन ती ऐकतीया असं वाटलं मला. अजून बी वाटतं. तुला न्हाय वाटत, ठाव हाय मला. म्हणून तुज्यासाठी बी रोज म्हणतो."

तीन वर्षं हा माणूस माझ्यासाठी प्रार्थना करत होता आणि मी त्याच्या पाठीकडं बघून दात खात होते. मी उठून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या हातांना भुसा लागलेला होता, तो माझ्या केसांत गेला. आई दारात येऊन उभी राहिली, बघितलं, आणि आत जाऊन पुन्हा भाकरी थापायला लागली.

यानंतर माझा विश्वास एकदम लख्ख परत आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण ते शब्द समजूत काढण्यासाठी केलेले नाहीत, एवढं मला दिसलं. समजूत काढणारा माणूस कुसळं घासत बसत नाही. ज्याला खात्री असते की हे शरीर कुणाच्यातरी हाती सोपवायचंय, तोच ते इतकं जपून बांधतो. माझ्या मनातला 'कशासाठी' त्या दिवसापासून उलटा फिरला. माणूस संपणार असेल तर त्याच्यासाठी काहीही करणं वाया; पण तो संपणार नसेल, तर त्याला पाजलेला पाण्याचा थेंबसुद्धा वाया जात नाही. हे आज मला असं मांडता येतं. तेव्हा फक्त इतकं झालं, की दुसऱ्या दिवशी मी सोफीबाईंकडं दुपारची वाट न बघता सकाळीच गेले.

श्रावण लागायच्या सुमारास त्या फार थकल्या. फादर येऊन अखेरचं तेल लावून, ख्रिस्तप्रसाद देऊन गेले. त्या दुपारी घरात मी आणि त्या दोघीच. बाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, त्यांच्या झटकण्याचा आवाज येत होता. त्यांनी डोळे उघडून पेटीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पापड काढ गं आधी. मुंग्या लागतील." मी पापड काढून डब्यात भरले, गोधड्या काढल्या. त्यांनी तेवढं होईपर्यंत बघितलं. मग हात पुढं केला, मी तो तळव्यात घेतला आणि हळूहळू जपमाळ म्हणायला लागले. श्वास लांब होत गेले. तिसऱ्या दशकाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीच्या, मध्यावर मला कळलं की पुढचा श्वास आलेला नाही. मी घाबरले नाही. दशक पुरं केलं. त्यांचे डोळे मिटले, पदर सारखा केला, आणि खोलीत माझ्याखेरीज कुणी नसूनही, एखाद्याला दारापर्यंत पोचवून आल्यावर वाटतं तसं मला वाटलं. हेच काम मी करणार, हे तेव्हा ठरलं. मी ठरवलं असंही म्हणता येणार नाही. ते ठरलेलंच होतं, आणि मला त्या खोलीत दिसलं.

अंत्यविधीच्या मिस्साला मी आईशेजारी बसले. 'सार्वकालिक जीवना'पाशी माझा आवाज सगळ्यांबरोबर होता, जरा फाटका, पण होता. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी उठले तेव्हा बाबा पुढं निघालेले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं, एक पाऊल बाजूला झाले आणि मला पुढं जाऊ दिलं. घरी आल्यावर मी सांगितलं, की मला नर्स व्हायचंय. मी शाळेत शिकवावं असं आईला वाटत होतं. नर्सच्या कामात पोरीचं लग्न अवघड होतं असं ती म्हणाली. लग्न पुढं झालं, चांगलं झालं, दोन मुलंही झाली. बाबा त्या वेळी फक्त म्हणाले, "जेवून घे आधी."

लोक मला विचारतात, इतकी वर्षं मरणाऱ्या माणसांजवळ काढलीस, विश्वास डळमळला नाही? डळमळला की. एकदा नव्हे, पुष्कळदा, विशेषतः लहान मुलांच्या वॉर्डात. तेव्हा मी वाद घालत बसले नाही. ज्या माणसाच्या खाटेपाशी उभी होते त्याची उशी नीट केली. बहुतेक वेळा विश्वास तिथंच, त्या उशीपाशी, परत भेटला.

शिकाऊ होते तेव्हाच्या पहिल्याच वर्षातली एक बाई अजून डोळ्यांपुढं आहे. केम गावाकडची, शेतात राबून करपलेली, पांडुरंगाचं नाव घेणारी. सोबतचा मुलगा कागदपत्रं आणायला गावी गेलेला. दिवस थोडे राहिलेत हे तिला न सांगताच कळलं होतं. माझी ड्यूटी संपायच्या बेताला तिनं माझी बाही धरली.

"पोरी, तू कवापत्तोर हाईस हितं?"

दोन वाजेपर्यंत, असं मी सांगितलं.

"आन मग?"

"मग बसते," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून बसले. तिनं तिच्या विहिरीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. आपली धाकटी लेक ताप येऊन गेली, तिचंही सांगितलं. ती परत भेटेल का, असं तिनं विचारलं. मी तिला माझं धर्मज्ञान सांगितलं नाही. मला जे खरं वाटत होतं तेच सांगितलं, की भेटेल. "व्हय," ती म्हणाली, जणू मी तिच्याच मनातलं तिला परत दिलं होतं, आणि डोळे मिटून पडून राहिली. संध्याकाळच्या गाडीनं मुलगा आला, घामाघूम, काखेत फडक्याचं गाठोडं. तिला त्याच्याशी बोलता यावं म्हणून मी बाजूला झाले. तिनं माझ्याकडं बोट केलं.

"सकाळधरनं बसलीया माज्यापाशी. हिला आधी खाया घाल."

त्यानं खाटेच्या कडेवर फडकं सोडलं. भाकरी, वाटलेली मिरची, एक कांदा. भाकरी मोडून त्यानं अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी आपण घेतली. आम्ही दोघं उभ्याउभ्याच जेवलो, आणि ती आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती, घरचं कुणी जेवताना बघावं तशी, पोटभर.